शालनबाईंचा एक्कावन्नाचा झोका

चिखली गावात पंचमीला दोन गोष्टी ठरलेल्या असत. वारुळाला पहिलं दूध आक्काबाई घालणार आणि वडावरचं घुंगरू शालनबाई वाजवणार. तिसरं काय व्हायचं ते होवो.

श्रावणात मोटा थांबत. मोटेचा नाडा, म्हणजे बैल ओढतात तो मनगटाएवढा दोर, घरात रिकामा लोळत असे. पंचमीच्या आदल्या दिवशी तो इंद्रायणीकाठच्या वडावर चढे. आडव्या फांदीवरून दोन्ही टोकं खाली सोडायची, चौदा हातांवर सागाची फळी बसवायची आणि फांदी घासू नये म्हणून वर जुन्या घोंगडीचा तुकडा गुंडाळायचा. दोर जास्त झाला तरी कापायचा नाही, कारण नागोबाच्या सणाला विळी, कोयता, सुरी सगळ्यांना सुट्टी. उरलेला दोर फांदीलाच वेढे देऊन संपवायचा. पंचमीच्या सकाळी झोक्याला हळदकुंकू लागलं की मग त्याची गाठ दिवे लागेपर्यंत सुटायची नाही. सोडायची वेळच आली, तर ज्यानं ती बांधवली त्यानं वारुळापुढं उभं राहून कारण सांगायचं आणि मगच हात लावायचा.

समोर, नदीच्या अंगाला, दुसऱ्या फांदीवर ते पितळी घुंगरू होतं. शालनबाईचे सासरे धर्माजी यांनी लाडका बैल गेला तेव्हा त्याच्या गळ्यातलं ते तिथं टांगलं होतं. पुढं धर्माजी गेले, घुंगरू राहिलं. फळीवर उभं राहून झोका चढवत न्यायचा आणि अगदी वर गेल्यावर एका हातानं दोर सोडून त्याला टोला द्यायचा. खाली नदीकाठचे दगड होते, त्यामुळे बाकीच्या बायका अर्ध्यातूनच "बास गं बाई" म्हणून उतरत.

शालन मोशीची. तेराव्या वर्षी लग्न होऊन आली, एकोणिसाव्या वर्षी तिनं ते घुंगरू पहिल्यांदा वाजवलं, आणि त्यानंतर अकरा पंचम्या ते दुसऱ्या कुणाच्या हाताला लागलं नाही. वर्षाचे बाकीचे दिवस ती विंगेतच असायची. चूल, शेण, जातं, धुणं. नवरा लक्ष्मणराव सज्जन माणूस, पण बायकोपेक्षा बैलांशी जास्त बोलायचा. सासू आक्काबाई तोंडाची कडक, तिच्याकडून 'बरं झालं' एवढे दोन शब्द मिळाले तरी सण झाल्यासारखं वाटे. मात्र पंचमीला दुपारी लुगड्याचा काष्टा घट्ट आवळून शालन फळीवर पाय ठेवी आणि साऱ्या काठावरची कुजबुज थांबे. नायिकेच्या एंट्रीला थांबते तशी. तेवढ्या एका दुपारच्या जोरावर तिचं वर्ष निघायचं.

आणि छप्पन सालच्या उन्हाळ्यात घरात सुमन आली.

धाकटा दीर यशवंतराव पिंपरीला औषधाच्या कारखान्यात लागला होता. त्याची ही पुण्याची बायको, इंटर सायन्स झालेली. चिंचवडच्या हायस्कुलात ती मुलींना शास्त्र शिकवी. रोज सकाळी गोल पातळ नेसून नवऱ्याच्या सायकलवर मागं बसायची आणि अख्खं गाव दारात उभं राहून ते बघायचं. आठवड्याभरात ती सगळ्यांची सुमनताई झाली. शालन सतरा वर्षं झाली तरी 'लक्ष्मणाची बायकू'च होती.

शालननं पहिल्या दिवशी तिच्या पातळाला नाव ठेवलं, दुसऱ्या दिवशी तिच्या भाकरीला. भाकरी खरंच वाईट होती. पण आक्काबाईनं ती करपलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि म्हणाली, "शिकलेली हाय, शिकंल हळूहळू." शालनला आठवलं, तिची पहिली भाकरी अंगणात कुत्र्याला घातली होती.

मग एके दिवशी दोघी जात्यावर समोरासमोर बसल्या. चार फेऱ्यांत सुमनचा दम गेला, तरी तोंड बंद होईना.

"गंमत बघा जाऊबाई. पहिल्या फेरीला केवढा जोर लागतो, आणि एकदा फिरायला लागलं की किती थोडा. थांबलेल्या वस्तूला थांबूनच राहावंसं वाटतं, आणि चाललेलीला चालत. शास्त्रात त्याला जडत्व म्हणतात."

"आमी त्याला जातं म्हनतो," शालन म्हणाली. "दानं टाक."

उंबऱ्यावर बसलेली ठकी, शालनची नऊ वर्षांची लेक, खुदकन हसली. शालनला वाटलं, पोर आपल्या बाजूनं हसली. पण रात्री जेवताना ठकी बापाला सांगत होती, "दादा, जात्यात जडत्व असतंया. काकी म्हनली." आणि लक्ष्मणराव, ज्याला सतरा वर्षांत जात्याकडं बघावंसं वाटलं नव्हतं, घास हातात धरून ऐकत राहिला.

शालनच्या पोटात पहिली ठिणगी पडली ती तेव्हा. पहिल्या फेरीला जोर लावायचा आणि मग हात नुसता ठेवायचा, हे तिच्या दंडाला लहानपणापासून ठाऊक होतं. ते तिच्याकडं असताना त्याला नाव नव्हतं. त्या गोऱ्या, कोवळ्या हातांच्या बाईच्या तोंडून आलं, आणि त्याचं शास्त्र झालं.

तरी ती म्हणायची, असू दे. पंचमी येऊ दे.

पंचमीच्या आदल्या दिवशी, भावाच्या उपवासाच्या दुपारी, भैरू गड्यानं झोका बांधला आणि बायका तो जोखायला काठावर जमल्या. सुमन मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेऊन आली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आठ मुली आणि हेडमास्तर नानासाहेब चिंचवडहून बैलगाडीनं येणार होते. सुमनची नोकरी अजून हंगामी होती. बाईमाणूस शास्त्र शिकवू शकतं का, याबद्दल नानासाहेब 'बघू' एवढंच म्हणाले होते. त्यांना ती झोक्यावर गतीचा धडा करून दाखवणार होती.

"ठके, उभी राहा फळीवर," सुमन म्हणाली. "मी थोडासाच झोका देते. बाकीच्यांनी मोजा. पुढं जाऊन परत आली की एक."

बायकांनी गलका करत दहा मोजले. सुमननं घड्याळ बघितलं. "सत्तेचाळीस सेकंद."

मग तिनं सरुबाईला उभं केलं. सरुबाई म्हणजे शेजारच्या मळ्यातली, गावातली सगळ्यांत वजनदार बाई. फळी कुरकुरली, घोंगडीचा तुकडा दबला. दहा झोके. सत्तेचाळीस.

"आता थोडा मोठा झोका देते हं." पुन्हा सत्तेचाळीस.

"बघितलंत? वजन कितीही असू दे, झोका थोडा लहान-मोठा असू दे, वेळ तोच. उंचावरून येतो तो जास्त वेगानं येतो, म्हणून लांबची वाटही तेवढ्याच वेळात कापतो. आणि झोका जोरानं ढकलून चढत नाही, नेमक्या क्षणी ढकलून चढतो."

नेमका क्षण. शालनच्या गुडघ्यांना तो क्षण माहीत होता. खाली येताना बसायचं, तळाशी उठायचं. कुणाला सांगायला गेली असती तर म्हणाले असते, वेडी का खुळी.

सरुबाई धापा टाकत उतरली आणि तिनंच तो टोला मारला. "अगं बया, म्हंजे मी, ठकी आन् शालनबाई, सगळ्यांचा झोका एकच म्हना की. शालनबाई, अकरा वरसं उगंच घाम गाळला. उंच जा न्हाईतर बुटकं जा, येळ त्योच."

बायका हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, उपवासाच्या रिकाम्या पोटाचं हसणं होतं ते. पण शालनला ते भर नाटकात मुकुट खाली पडावा तसं लागलं.

"जाऊबाई, तुम्ही चढता?" सुमननं विचारलं. "तुमचेही मोजू."

"माझं काय मोजायचं," शालन म्हणाली. "समद्यांचं एकच हाय न्हवं?" आणि घरी गेली.

ती रात्रभर तळमळली असं नाही, दमलेली होती, झोपली. पण पहाटे पावसाची सर येऊन गेली आणि उठता उठता तिच्या मनात ते आयतं उगवलं. पाळण्याचा दोर आखूड, म्हणून पाळणा भरभर हलतो. वडाचा दोर लांब, म्हणून तो झोका सावकाश. घड्याळबाई वजन बोलली, उंची बोलली, दोराचं बोलली नाही.

ती गोठ्यात गेली. "भैरू, वडाखाली चिखल झालाय. पोरींची लुगडी भरत्याल. फांदीला दोन वेढं वाढव, फळी वर घे."

"व्हय, वयनी." भैरूला त्यात गैर काय वाटणार? पावसाळ्यात फळी वर घेणं हे शहाणपणाचंच होतं. त्यानं वेढे घातले, घोंगडी सारखी केली. वीतभर उंचीची फळी कमरेला आली. चढायला खाली एक पाटा ठेवला. आक्काबाईनं येऊन हळदकुंकू लावलं, आणि गाठ देवाची झाली.

वारुळाची पूजा आटोपली. दूध, लाह्या, फुगड्या, पुरणाचे दिंड. ऊन डोक्यावरून कलल्यावर बैलगाडी आली. दोन वेण्यांच्या, वह्या घेतलेल्या आठ मुली, आणि काळा कोट, टोपी घातलेले नानासाहेब. त्यांना घोंगडीवर बसवलं. गावच्या बायका एका अंगाला, शाळेच्या मुली दुसऱ्या अंगाला, मध्ये झोका. शालन वडाच्या बुंध्याला टेकून उभी होती, तोंडात पान होतं.

"काल आम्ही मोजलं," सुमननं सुरुवात केली. आवाज स्वच्छ, पाठ ताठ. "दहा झोक्यांना सत्तेचाळीस सेकंद लागतात. कुणालाही उभं करा. आजही सत्तेचाळीसच लागतील."

ठकी पाट्यावरून चढली. मुलींनी मोजलं. नानासाहेबांनी आपलं खिशातलं घड्याळ काढलं.

"त्रेचाळीस," नानासाहेब म्हणाले.

"पुन्हा एकदा," सुमन म्हणाली.

"त्रेचाळीस. बाई, तुमचं घड्याळ तपासून घ्या. नाहीतर नियम."

एक मुलगी वहीआड हसली. सरुबाई म्हणाली, "पंचमीला नागोबानं चार सेकंद खाल्लं वाटतं," आणि सगळा काठ खदखदला.

सुमनचा चेहरा उतरला. चालू प्रवेशात ओळ विसरलेल्या नटाचा होतो तसा. हात घड्याळाशी खेळत होते. शालननं ते डोळे भरून बघितलं. तोंडातलं पान असं रंगलं होतं की विचारू नका.

मग सुमनची नजर खालच्या पाट्यावर गेली. तिथून फळीवर, फळीवरून दोरानं वर, घोंगडीच्या तुकड्याखालच्या जाड झालेल्या वेढ्यांवर. आणि तिथून सरळ शालनवर.

शालनला कळलं, हिला कळलं. ती वाट बघत राहिली. आता बोट दाखवेल. आता सगळ्यांसमोर म्हणेल.

सुमन नानासाहेबांकडं वळली. "माझंच काहीतरी चुकलं, सर. पुन्हा तयारी करून दाखवीन."

"बघू," नानासाहेब म्हणाले आणि घड्याळ खिशात टाकलं.

पानाचा रंग तिथंच उतरला. शालनला राग आला, कालच्यापेक्षा जास्त. ही बाई शिकलेली, गोरी, सासूची लाडकी. आता चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर? माणसाला निदान भांडण तरी बरोबरीनं करू द्यावं.

"शालनबाई, चला," बायका म्हणाल्या. "आता तुमचं घुंगरू."

तिनं काष्टा आवळला. पाटा, फळी, दोर. कुजबुज थांबली. बसणं, उठणं, बसणं, उठणं. पण झोका पायाखाली ओळखीचा लागेना. तो लवकर परत येत होता, ती उठायच्या आतच तळ गाठत होता. तबलजी लय वाढवतो आणि गाणारी मागं राहते, तसं होत होतं. तिनं गुडघ्यांना घाई शिकवली. झोका चढला, वर गेला, तिनं हात सोडला. घुंगरू हातभर लांब होतं.

पुन्हा. हातभर लांब. आणखी एकदा, जीव तोडून, इतकी वर की खाली कुणीतरी तोंडावर पदर घेतला. हातभर.

आखूड दोर तिथवर जाणारच नव्हता. आपणच आपल्या घुंगराची वाट कापली, हे तिला वर, आभाळाकडं तोंड असताना कळलं.

ती उतरली तेव्हा ठकी तिच्याकडं न बघता मातीत रेघा ओढत होती. सरुबाई, जिला कधी शब्द कमी पडला नाही, ती म्हणाली, "व्हतं असं. वय झालं आता आपलं." आणि ते सगळ्यांत वाईट होतं, कारण ती मायेनं बोलली होती.

सुमन पाण्याचा तांब्या घेऊन आली. हळूच म्हणाली, "जाऊबाई, दोर आखूड झालाय म्हणून. तुमचं काही चुकलं नाही."

"तू बोलली का न्हाईस मगा?"

"काय बोलू? सण तुमचा."

शालननं तांब्या तिच्या हातात परत दिला. पाणी प्यायली असती तर आयुष्यभर त्या बाईची देणेकरीण झाली असती. सुमनचं गप्प बसणं तिच्या मानेवर मोटेसारखं लोंबत होतं, आणि ते उतरवायचा एकच रस्ता होता. ती वारुळाकडं चालू लागली. चांगुलपणा उसळून आला म्हणून नव्हे. खरं बोलण्यात तरी आपला नंबर पहिला यावा म्हणून.

"नागोबा," ती मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता, मागच्या रांगेपर्यंत गेला. "गाठ मी बांधवली. चिखलाचं निमित्त केलं. सुमनचं शास्तर खोटं पडावं म्हनून दोन येढं वाढवलं. आता सोडते."

नानासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. आक्काबाई काठी टेकत पुढं आली, सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली.

"अकरा वरसं तुझं घुंगरू ऐकते," ती म्हणाली. "आज तोंड ऐकलं. भैरू, चढ वर."

वेढे सुटले, फळी वीतभर उंचीवर आली. सुमननं ठकीला उभं केलं. मुलींनी दहा मोजले. सत्तेचाळीस. नानासाहेबांनी स्वतः पुन्हा मोजायला लावले. सत्तेचाळीस.

"म्हणजे वजनाचा संबंध नाही, दोराच्या लांबीचा आहे," ते म्हणाले. "बाई, हे तुमच्या धड्यात होतं?"

"पुढच्या भागात होतं, सर. जाऊबाईंनी आधीच करून दाखवलं."

हे वाक्यही शालनला टोचलंच. पण ती आता फळीवर होती. चिखलानं काष्ट्याची किनार भरली. पायाखाली ओळखीचा, सावकाश, म्हाताऱ्या बैलासारखा शहाणा झोका होता. खाली येताना बसणं, तळाशी उठणं. प्रत्येक फेरीला वड थोडा थोडा खाली जात होता. मग ती वेळ आली, जी फक्त तिला ठाऊक होती: झोका अगदी वर पोचतो आणि परत फिरण्याआधी उभा राहतो. वाट बघितल्यासारखा. त्या थांबण्यात तिनं हात सोडला.

घुंगरू वाजलं.

ती थांबली नाही. आणखी एकदा वाजवलं, आणखी एकदा. खाली सुमन घड्याळ धरून होती आणि मुली मोजत होत्या. दहाव्या झोक्याला सुमननं घड्याळ कानाशी नेलं, मग नानासाहेबांच्या घड्याळात डोकावून बघितलं.

"एक्कावन्न," नानासाहेब म्हणाले. "हे कसं? दोर तोच आहे."

"पुन्हा मोजा गं," सुमन म्हणाली. आवाजात आता काही लपवलेलं नव्हतं. पुन्हा एक्कावन्न.

शालन उतरली तेव्हा सुमन तिच्यासमोर उभी होती. "जाऊबाई, वर गेल्यावर काय होतं?"

"त्यो थांबतो की. वाट बघतो. सगळ्यांनाच ठावं असंल ना तुमच्या शाळंत."

"नाही. आमच्या पुस्तकात आहे, पण अगदी शेवटी, बारीक अक्षरात. हा नियम लहान झोक्यांचा आहे, फार उंच गेलं की तो बसत नाही, वेळ जास्त लागतो. मी वाचलं होतं. कुणी एवढं उंच जाईल असं वाटलं नव्हतं, म्हणून शिकवताना सोडून देत होते."

"म्हंजी आमचा सगळ्यांचा एक," सरुबाईनं हिशेब केला, "आन् हिचा येगळा?"

"हिचा वेगळा."

शालननं पदरानं कपाळ पुसलं, तांब्या मागितला आणि तळापर्यंत प्यायली.

त्यानंतर ती सुमनवर माया करू लागली असं सांगितलं तर ते खोटं होईल. पातळाला ती पुढंही नाव ठेवायची, आणि सुमनची नोकरी कायम झाली त्या दिवशी तिनं पेढा अर्धाच खाल्ला. पण पंचमीच्या त्याच संध्याकाळी, झोका सुटल्यावर, सुमन ओसरीवर वही घेऊन बसली होती. शालन दिवा आणून ठेवायच्या निमित्तानं वाकली. कागदावर एकाखाली एक ओळी होत्या. तिला अक्षर येत नव्हतं.

"ह्यात मी कुठली?"

सुमननं सगळ्यांत खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही. शालनबाई, एक्कावन्न."

"आन् वरची?"

"ठकी. त्याखाली सरुबाई."

शालननं तिन्ही ओळी नीट बघितल्या. अक्षर कळत नसलं तरी आकार कळत होता.

"समद्यांची सारखीच काढलीस की," ती म्हणाली. "माझी जरा मोठी काढ."